वीस मिनिटं उकळलेलं पाणी

नायट्रोजनचं चक्र मी फळ्यावर इतक्या वेळा काढलंय की डोळे बांधून खडू हातात दिला तरी निघेल. वर हवा, खाली जमीन, डावीकडे गाय, उजवीकडे चवळीचं रोप आणि या सगळ्यांतून गोल फिरणारे बाण. प्रत्येक बाणावर त्या त्या जिवाणूचं नाव. मुलं गाय छान काढायची, शिंगं बिंगं रंगवायची आणि जिवाणूंची नावं मात्र गाळायची. मला संताप यायचा. "गाय काढायला सगळे पुढे! अरे, काम कोण करतंय? नुसती गाय उभी राहून काय होणार आहे?" असं मी ओरडायचो. एकतीस वर्षं ओरडलो.

त्या चित्रात तान्हं मूल कुठेच नसतं. पुस्तकात नव्हतं, मीही कधी काढलं नाही. एक बाण तिकडेही जातो, हे मला माझ्या नातीमुळे कळलं. ती सात आठवडे जगली. ती कशाने गेली ते मला त्याच दिवशी कळलं होतं. पुढची दोन वर्षं मी ते माझ्या मुलीला सांगितलं नाही. मी जे काही लिहितो आहे ते या न सांगण्याबद्दल आहे, पण त्यासाठी आधी माडांपासून सुरुवात करावी लागेल.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कातळ उतरून खाली आलं की आमचं गाव. घरामागे आगर आहे, म्हणजे माडा-पोफळींची बाग, आणि आगराच्या मधोमध विहीर. आमच्या भागात माडाला मासळीचं खत घालतात. जाळ्यात तारली इतकी येते की कुणी फुकट नेईना, अशा वेळी ती बंदरावरून पाट्या भरून आणायची, माडाभोवतीच्या आळ्यात चर खणायचा, मासळी पसरायची, वर राख-मीठ टाकायचं आणि माती ओढायची. आठ दिवस घरात नाक धरून राहावं लागतं. पण पुढच्या वर्षी माड असा काही भरतो की वास विसरायला होतं.

माझे वडील माडाला वर्षातून एकदा एक पाटी मासळी घालायचे. आणि विहिरीलगतच्या अकरा माडांना तीही नाही. त्यांना नुसती राख आणि पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. ते चौथी शिकलेले, मी विज्ञानाचा पदवीधर. विचारायचं कशाला?

निवृत्त झाल्यावर मी आगर ताब्यात घेतलं आणि माझ्यातला मास्तर पुन्हा उफाळून आला. युरियाचा एक दाणा कुंपणाच्या आत येऊ देणार नाही, अशी मी प्रतिज्ञा केली. सेंद्रिय म्हणजे सेंद्रिय. मासळी वर्षातून एकदा घालायची ती तीनदा घालायला लागलो, तीही सगळ्या माडांना. विहिरीजवळचे अकरा माड उपाशी ठेवणं मला अन्याय वाटला. शिवाय पिंपं भरून जीवामृत करायचो. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन घालून ते दोन-तीन दिवस ढवळत ठेवायचं आणि आळ्यांत ओतायचं. बघायला लोक यायचे. मी त्यांना आगरात उभं करून तास घ्यायचो. "मासळी झाड खात नाही हो," मी सांगायचो, "एक जातीचे जिवाणू मासळी कुजवून अमोनिया करतात. दुसरे त्याचं नायट्राइट करतात. तिसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते नायट्रेट मुळं पितात. हे माझे कामगार. सुट्टी नाही, संप नाही, पेन्शन नाही." लोक हसायचे. मला फार बरं वाटायचं. नाकाने कांदे सोलायची सवय एकदा लागली की निवृत्तीनंतरही सुटत नाही.

मुळं पितील तेवढंच पितात. उरलेल्या नायट्रेटचं काय? अमोनियाला माती धरून ठेवते, नायट्रेटला धरत नाही. ते पाण्याबरोबर खाली जातं. आमच्या खाली आहे जांभा दगड, सगळा भोकाभोकांचा. आणि त्या जांभ्यातच विहीर खोदलेली. मी त्या विहिरीचं पाणी पंपाने उपसून आळ्यांत सोडायचो. तेच पाणी खतातून झिरपून पुन्हा विहिरीत यायचं. मी ते पुन्हा उपसायचो. 'नायट्रेट पाण्याबरोबर निघून जाते' हे वाक्य पुस्तकात होतं. दरवर्षी मी मुलांकडून ते पेन्सिलीने अधोरेखित करून घ्यायचो, परीक्षेला येतं म्हणून. निघून कुठे जातं, हे एकाही मुलाने विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

पाणी दिसायला नितळ होतं. वास नाही, चव गोड. ग्रामपंचायतीच्या नळाला दिवसाआड पाणी यायचं, ब्लीचिंगचा भपकारा मारत. त्याला मी नाकं मुरडायचो. नळाचं पाणी आम्ही भांडी आणि संडासासाठी वापरायचो.

मुलगी आमची एकुलती एक. तिला चिपळूणला दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणून आठव्या महिन्यात ती माहेरी आली. जानेवारीत सिझेरियन होऊन मुलगी झाली. टाके पिकले, आमच्या मुलीला दहा दिवस ताप राहिला आणि दूध जे आटलं ते आलंच नाही. अळिवाची खीर झाली, शतावरी झाली, डिंकाचे लाडू झाले, माझ्या बायकोने सगळं करून पाहिलं. मुलगी रडायची. बाळाला छातीशी धरून बसायची, बाळ चोखून चोखून दमायचं आणि मग दोघी रडायच्या. शेवटी डॉक्टरांनी डब्यातलं दूध सुरू करायला सांगितलं. एक चमचा पावडर आणि तीस मिलिलिटर पाणी.

इथे मी पुढे झालो. पाण्याचं खातं माझं, असं मी जाहीर केलं. बायकांना वाटतं बुडबुडे आले की पाणी उकळलं. मी घड्याळ लावून वीस मिनिटं उकळायला लावायचो. पातेलं चुलीवर ठेवायचं, वीस मिनिटं खळखळून उकळायचं आणि मग चुलीच्या बाजूच्या वैलावर सरकवायचं, म्हणजे दुपारपर्यंत कोमट राहतं. पहाटे भरलेलं पातेलं दुपारी निम्म्यावर आलेलं असायचं. बायको म्हणायची, "अहो, आटवताय काय नुसतं?" मी म्हणायचो, "आटू दे. एक जिवाणू जिवंत राहता कामा नये."

बाळाला न्हाऊ घालायला खालच्या वाडीतून एक बाई यायच्या. आमच्या गावातली निम्मी पोरं त्यांच्या पायांवर न्हालेली. अक्षरओळख नाही, पण बाळाच्या अंगाला हात लावून सांगतील की याचं पोट फुगलंय की कान दुखतोय. तिसऱ्या आठवड्यात एकदा त्या मला थेट म्हणाल्या,

"गुर्जी, पोरीला ह्या बावीचा पानी नको. नळाचा द्या."

"का हो मावशी? काय वाईट आहे पाण्यात?"

"तुमी त्या माडांच्या मुळात काय काय पुरलाव! मेलेला सगला खाली उतारता. बावीत नाय जायाचा तर कुटं जायाचा?"

मी हसलो. बायकोसमोर, मुलीसमोर हसलो. म्हटलं, "मावशी, मेलेलं उतरलं तरी उकळल्यावर काय राहतंय? वीस मिनिटं उकळतो मी." त्या बाळाच्या अंगाला तेल लावत राहिल्या. मागून मी बायकोला म्हणालो की या बायकांना भुतं आणि जंतू यातला फरक कळत नाही.

पाचव्या आठवड्यात बाळाचा रंग बदलला. आधी बायकोच्या लक्षात आलं. ओठांभोवती करडी छटा, नखं जांभळट. बाळ रडत नव्हतं, नुसतं पडून होतं. रत्नागिरीतल्या लहान मुलांच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी प्राणवायू लावला, हृदयाची सोनोग्राफी केली आणि सांगितलं की हृदयाला बारीकसं भोक आहे, पुष्कळ मुलांना असतं, बहुतेक आपोआप बुजतं, लक्ष ठेवायचं. मुलीने 'हृदय' आणि 'भोक' एवढे दोनच शब्द ऐकले.

दोन दिवसांत बाळाचा रंग परत आला. चौथ्या दिवशी ते हातपाय झाडून आम्हाला लाथा मारत होतं. आम्ही देव पाण्यात ठेवले होते, ते काढले. दवाखान्यात दूध सीलबंद बाटलीच्या पाण्यात करायचा नियम होता आणि त्यावरून मी तिथल्या सिस्टरशी हुज्जत घातली होती, की हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे. निघताना तिने बजावलं, "आजोबा, पाणी उकळूनच द्यायचं हं." मी म्हटलं, "तुम्ही कुणाला सांगताय? वीस मिनिटं!" डॉक्टरांनी मुलीला सांगितलं की वजन वाढायला हवं, दर दोन तासांनी पाजा.

आता मागे बघताना हा घाव सगळ्यात खोल जातो. बाळ बरं झालं होतं. विहिरीपासून चार दिवस लांब राहिलं आणि बरं झालं. मी विज्ञानाचा मास्तर. दोन गोष्टींतला फरक शोधायचा, बदललं काय ते पाहायचं, हे मी सहावीच्या पोरांना शिकवलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर प्रयोग पार पडला आणि मला दिसलं फक्त सोनोग्राफीतलं भोक. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसत हसत म्हणतात. मला ते हसत म्हणता येत नाही.

घरी आल्यावर मी वीस मिनिटांची तीस मिनिटं केली.

सहाव्या दिवशी दुपारी बाळ निपचित पडलं. या वेळी रंग पेन्सिलीच्या शिशासारखा होता. शेजाऱ्यांची गाडी घेऊन निघालो. वाटेत मुलगी बाळाच्या छातीवर हात ठेवून सारखी म्हणत होती, "चालू आहे, चालू आहे." दवाखान्यात मोठे डॉक्टर नव्हते, एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी प्राणवायू लावला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, रंग हलेना. मग त्यांनी बाळाच्या टाचेतून रक्त काढलं, एक थेंब पांढऱ्या गॉजवर टाकला आणि तो हवेत हलवत बघत राहिल्या. रक्त हवेत लाल होतं, हे मलाही माहीत आहे. ते झालं नाही. चॉकलेटसारखं तपकिरी राहिलं.

त्यांनी बायकोला आणि मुलीला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "बाळाला दूध कुठल्या पाण्यात देता?"

"विहिरीच्या. पण उकळून. वीस... तीस मिनिटं उकळून."

"विहिरीजवळ काय आहे? गोठा, संडास, खताचा खड्डा?"

"माड आहेत," मी म्हणालो. "माडांना मासळीचं खत घालतो."

त्यांचा आवाज मऊ होता, म्हणून तो जास्त लागला. "काका, उकळून जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी उडून जातं, ते तळाशी राहतं. जितकं आटवाल तितकं वाढतं."

बाळाच्या पोटात त्याचं काय होतं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. एकतीस वर्षांची उजळणी एका दमात झाली. तान्ह्या मुलाच्या पोटात आम्ल कमी असतं, म्हणून तिथे जिवाणू वस्तीला राहतात. ते नायट्रेटचं पुन्हा नायट्राइट करतात. नायट्राइट रक्तात उतरतं आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. मोठ्या माणसाच्या रक्तात त्याचा बंदोबस्त असतो, तान्ह्याच्या नसतो. हृदयाच्या भोकाचा काही संबंध नव्हता. माझ्या कामगारांनी आळ्यात सुरू केलेलं काम बाळाच्या पोटातल्या दुसऱ्यांनी पुरं केलं. मी फक्त पाणी आटवून मदत केली होती.

यावर औषध आहे. मेथिलीन ब्लू. डॉक्टरीणबाईंनी ते नाव घेतलं आणि मी मूर्खासारखा बोलून गेलो, "आमच्या शाळेत बाटली आहे." काचपट्टीवरचे जिवाणू नीट दिसावेत म्हणून आम्ही तोच निळा रंग वापरायचो. त्या म्हणाल्या, "ते नाही चालणार, काका. टोचायचं वेगळं असतं." दवाखान्यात ते नव्हतं. कधी लागतच नाही, कोण ठेवणार? त्यांनी चार ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी मिळालं, माणूस आणायला गेला. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. आत त्या बाळाच्या छातीवर दोन बोटांनी दाबत होत्या. माणूस परत आला तेव्हा त्या थांबल्या होत्या. त्याने ती छोटी पेटी टेबलावर ठेवली आणि तिला कुणी हात लावला नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर कारण लिहिलं. संशयित, असा शब्द पुढे घातला आणि मला म्हणाल्या की पाणी तपासून घ्या, घरात दुसरं लहान मूल येऊ देऊ नका तोवर. मी कागदाची घडी घातली. बाहेर बाकावर मुलगी बसली होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, तिला कळलं. ती ओरडली नाही. तिने विचारलं,

"हृदयाचंच ना, बाबा?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच. एक अक्षर. त्या क्षणी मला वाटलं, हिला आत्ता कशाला आणखी? उद्या सांगू. बारावं झाल्यावर सांगू असं मनाशी म्हटलं आणि मग कळलं की इतक्या लहान बाळाचं बारावंही करत नाहीत. जावई येऊन तिला चिपळूणला घेऊन गेले. मी पाण्याची बाटली भरून तपासणीला दिली. अहवाल आला. आकडा मी इथे लिहीत नाही, मर्यादेच्या कितीतरी पट होता एवढंच. डॉक्टरीणबाईंचा कागद आणि हा अहवाल मी एका जुन्या हजेरीपटात घातला आणि हजेरीपट कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला. बायकोलाही सांगितलं नाही.

मासळी घालणं बंद केलं. जीवामृताची पिंपं उलटी करून ठेवली. लोकांनी विचारलं तर म्हणायचो, आता वय झालं, खणवत नाही. त्या वर्षी माडांना कधी नव्हे इतके नारळ लागले. पाडेकरी वर चढून ओरडला, "गुर्जी, काय घातलात काय ह्यांना?" मी घरात निघून गेलो. न्हाऊ घालणाऱ्या मावशी एकदा भेटायला आल्या, बायकोजवळ बसून डोळे पुसून गेल्या. जाताना विहिरीकडे त्यांनी बघितलंही नाही. बघितलं असतं, दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मी तेव्हा तिथेच कोसळलो असतो आणि सगळं बोलून मोकळा झालो असतो. पण भल्या माणसांकडून अशी मदत होत नाही.

मुलगी रोज आईला फोन करायची. बायकोला कमी ऐकू येतं म्हणून आमचा फोन मोठ्या आवाजात लावलेला असतो. "आई, मला दूध आलं असतं तर तिला ताकद आली असती गं," हे मी किती वेळा ऐकलं याची मोजदाद नाही. कधी म्हणायची, "माझ्या पोटात असतानाच तिचं हृदय नीट झालं नाही. माझ्याच रक्तात काहीतरी असणार." बायको समजूत घालायची. मी पेपर वाचत बसायचो. एकच बातमी चार-चार वेळा वाचायचो. भित्रा माणूस गप्प बसला की लोक त्याला समजूतदार म्हणतात. माझ्याबद्दलही म्हणत असतील.

दोन वर्षांनी तिने फोन माझ्यासाठी केला.

"बाबा, तेव्हाचे सगळे कागद तुमच्याकडेच आहेत ना? इथल्या डॉक्टर मागतायत. घरचे म्हणतायत दुसऱ्याचा विचार करा. मी तर म्हणतेय नकोच. पुन्हा तसंच झालं तर मला नाही झेपणार. पण एकदा कागद बघून त्या काय म्हणतात ते ऐकते आणि मग कायमचं ठरवते."

"मी घेऊन येतो," मी म्हणालो.

चिपळूणच्या एसटीत बसलो. फाइल मांडीवर, हजेरीपटातले ते दोन कागदही तिच्यात शेवटी लावलेले. संगमेश्वर येईपर्यंत माझं ठरलं होतं की सगळं द्यायचं. आरवलीच्या पुढे मी फाइल उघडली, शेवटचे दोन कागद काढले आणि शर्टाच्या खिशात घातले. माझा हात थरथरत नव्हता, हेही लिहून ठेवतो.

जावई कामावर होते, सासूबाई देवळात गेल्या होत्या. मुलीने चहा केला. फाइल उघडून ती एकेक कागद वाचायला लागली. सोनोग्राफीच्या कागदावर थांबली. त्या भोकाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे बघा. इथे लिहिलंयच. नकोच, बाबा. मी आज यांना सांगून टाकते." तिचा आवाज अगदी साधा होता. तिने दोन वर्षं स्वतःची समजूत घालून घालून तो असा साधा केला होता. ती कागद परत लावायला लागली. फाइल बंद झाली असती तर तिचं आयुष्य माझ्या एका 'हो'वर बंद झालं असतं.

मी खिशातले दोन्ही कागद काढून तिच्यासमोर ठेवले.

तिने वाचले. तिला सगळे शब्द कळले नाहीत, म्हणून मी सांगितलं. मासळी, माड, विहीर, पातेलं. फळ्यावर सांगायचो तसंच क्रमाने सांगितलं, मला दुसरं येतच नव्हतं. "तुझ्या रक्तात काही नव्हतं," मी म्हणालो. "तिचं हृदयही ठीक होतं. दुधाचा तुझा दोष नव्हता. सगळं माझ्यामुळे झालं. तू दुसऱ्याचा विचार कर. भिऊ नकोस."

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"मी बाकावर बसले होते तेव्हा?"

"हो."

ती उठली, खिडकीपाशी गेली. ती मला घराबाहेर काढील, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तसं व्हावं अशी आशाही होती. बापाला चार शिव्या घालून तिचं मन हलकं होईल, रक्ताचा आणि दुधाचा जो आळ तिने स्वतःवर घेतला होता तो उतरेल, असा हिशेब मी बसमधून मांडत आलो होतो. मी तिला सोडवायला आलो होतो ना.

ती वळली तेव्हा तिचा चेहरा माझ्यावर रागावलेला नव्हता. माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

"शेवटचे दोन दिवस," ती म्हणाली, "बाटली जवळ आणली की ती तोंड फिरवायची, बाबा. आई म्हणाली, झोपाळलीय. डॉक्टरांनी तर दर दोन तासांनी सांगितलं होतं. मग मी तिची हनुवटी धरायचे आणि बाटली संपेपर्यंत सोडायचे नाही."